दही, ताक, आंबील: कोल्हापूरच्या आंबट पदार्थांतील जिवाणूंची प्रोबायोटिक क्षमता

साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचा एक मोठा गट आहे. मराठीत त्यांना दुग्धाम्ल जिवाणू म्हणतात. दुधाचे दही लावतात ते हेच, आणि रात्रभर भिजवलेल्या पिठाला आंबूस वास आणतात तेही हेच. कोल्हापूर जिल्ह्याच्या जेवणात ते प्रामुख्याने दोन वाटांनी येतात. पहिली वाट म्हशीच्या दुधाच्या दही-ताकाची आणि दुसरी नाचणी किंवा जोंधळ्याच्या आंबिलीची. या पदार्थांतले जिवाणू पोटाला हितकारक असतात, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अलीकडे त्याला ‘प्रोबायोटिक’ हे लेबल चिकटले. मात्र पदार्थ आंबट असणे, त्यात जिवंत जिवाणू असणे आणि ते जिवाणू प्रोबायोटिक ठरणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. घरातला कोणता पदार्थ यांपैकी कोणत्या पायरीवर उभा आहे, हे कळले की त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची तेही ठरवता येते.

दुधाचे दही होते तेव्हा

ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ असतो आणि त्यात सुमारे ५ टक्के लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर असते. दूध उकळले की त्यातले मूळचे बहुतेक जिवाणू मरतात. ते कोमट झाल्यावर चमचाभर विरजण घातले की त्यातल्या जिवाणूंना स्पर्धक उरत नाही. ते लॅक्टोज फोडतात, लॅक्टिक आम्ल तयार होते आणि पीएच खाली येऊ लागतो. तो ४.६ च्या आसपास पोहोचला की दुधातले मुख्य प्रथिन, केसिन, विरघळलेल्या स्थितीत राहू शकत नाही. त्याचे जाळे बनते, त्यात पाणी आणि स्निग्धांश अडकतात आणि दही लागते. म्हशीच्या दुधात केसिन आणि स्निग्धांश दोन्ही जास्त असल्याने त्याचे दही घट्ट, कवडी पडणारे होते. दूध नीट तापवल्यानेही दही घट्ट लागते, कारण उष्णतेने उलगडलेली निवळीतली प्रथिने केसिनला चिकटून जाळे मजबूत करतात.

घरच्या विरजणात एकच जिवाणू नसतो. साधारण २२ ते ३० अंश सेल्सियसला खुलणारे लॅक्टोकॉकस लॅक्टिस आणि ल्युकोनोस्टॉक, तर ४२ ते ४५ अंशांच्या उबेत जोमाने वाढणारे स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस असा मेळ त्यात असतो. ऋतू बदलला की या मेळातले पारडे बदलते. उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागून लवकर आंबट होते, थंडीत ते सकाळपर्यंत अदमुरे राहते. लोण्याला आणि ताकाला येणारा ओळखीचा सुवास डायअ‍ॅसिटिल या द्रव्याचा असतो. ल्युकोनोस्टॉक आणि लॅक्टोकॉकसचे काही प्रकार दुधातल्या सायट्रेटपासून ते बनवतात. दह्याला कधी तार सुटते, त्यालाही काही जिवाणूंनी पेशीबाहेर सोडलेल्या लांब साखळीच्या शर्करा कारण असतात. अशा शर्करांचा उपयोग दही घट्ट ठेवण्यासाठी उद्योगातही करून घेतला जातो.

दही लागतच नाही, याचीही कारणे जिवाणूंपाशी येऊन थांबतात. म्हशीला कासदाह झाल्यावर दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरला असेल तर विरजणातले जिवाणू वाढत नाहीत. मोठ्या डेअऱ्यांना जिवाणूभक्षी विषाणूंची, म्हणजे फाजची, भीती असते. एका प्रकारच्या जिवाणूवर फाज पडला की टाकीभर दूध तसेच राहते, म्हणून डेअऱ्या विरजणाचे संच आलटून-पालटून वापरतात.

कोल्हापूरचे दूध आणि कोल्हापूरची आंबील

पंढरपुरी आणि मुऱ्हा म्हशी, पंचगंगेच्या खोऱ्यातला ऊस आणि हिरवा चारा, आणि सहकाराचे जाळे यांमुळे कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा झाला. ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ चा, तर तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणानगरला उभा राहिलेला वारणा दूध संघ १९६८ चा. या संघांमुळे जिल्ह्यात दोन प्रकारचे दही नांदू लागले. एक घरचे, शेजारून मागून आणलेल्या विरजणाचे, ज्यातल्या जिवाणूंची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. दुसरे डेअरीचे, ठरावीक तापमानाला ठरावीक जिवाणूंचे विरजण लावून केलेले, ज्याची चव वर्षभर सारखी असते. डेअरीच्या श्रीखंडासाठी लागणारा चक्काही याच दुसऱ्या पद्धतीच्या दह्यातून निघतो.

शहरात गंगावेशीसारख्या ठिकाणी दूध कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देण्याची रीत प्रसिद्ध आहे. ते ताजे असते, पण प्रोबायोटिक नसते. कच्च्या दुधात लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंबरोबर ब्रुसेला किंवा क्षयाचे जंतूही असू शकतात, म्हणून दूध उकळून पिणे किंवा उकळूनच विरजणे सुरक्षित.

आंबील ही धान्याची वाट. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पावसाळी डोंगरी तालुक्यांत नाचणी पिकते, पूर्वेकडे जोंधळा. पीठ पाण्यात किंवा ताकात कालवून रात्रभर ठेवतात, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून शिजवतात, निवल्यावर त्यात ताक, मीठ, जिरे आणि ठेचलेला लसूण घालतात. उन्हाळ्यात शेतावर न्यायचा हा पदार्थ धार्मिक परंपरेतही मानाचा आहे. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माची, म्हणजे रेणुकेची, यात्रा करून भाविक परतले की कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा भरते आणि देवीला आंबिलीचा नैवेद्य होतो.

जिवाणूंच्या दृष्टीने आंबिलीत दोन वेगळे टप्पे आहेत. रात्रभरात पिठातले जिवाणू वाढून आम्ल तयार करतात, पण सकाळच्या उकळीत ते मरतात. ६०-६५ अंशांच्या वर हे जिवाणू काही मिनिटांपलीकडे सहसा तग धरत नाहीत. पिणाऱ्याच्या पोटात जिवंत जातात ते नंतर घातलेल्या ताकातले. म्हणून आंबील गरम असतानाच ताक ओतले तर हा दुसरा टप्पाही वाया जातो. ती हाताला कोमट लागेपर्यंत थांबणे हा साधा उपाय आहे.

पहिला टप्पा मात्र व्यर्थ नसतो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पण फायटिक आम्ल त्याला आणि लोहाला धरून ठेवते. पीठ आंबते तेव्हा आम्लतेमुळे फायटेज हे विकर सक्रिय होते आणि फायटिक आम्ल फोडते. खनिजे मोकळी होतात आणि स्टार्चही पचायला सोपा होतो. जिवाणू मेले तरी त्यांनी करून ठेवलेले हे काम पिठात शिल्लक राहते.

आंबोळी, डोसा, इडली, ढोकळा यांचा हिशोब असाच. भिजवलेल्या तांदूळ-डाळीच्या पिठाला फुगवण्यात ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिसचा मोठा वाटा असतो, कारण तो आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतो. तव्यावर किंवा वाफेवर तो संपतो, जाळी आणि चव तेवढी उरते. महाराष्ट्रीय पद्धतीच्या कैरीच्या लोणच्यात मीठ आणि तेल इतके असते की जिवाणूंना वाढायला फारसा वावच मिळत नाही. ते लोणचे टिकते ते मिठामुळे आणि कैरीच्या आंबटपणामुळे.

जिवाणू जिवंत पोहोचण्याच्या मुद्द्यावर कोरियातील किमची वेगळी पडते. तिच्यात मीठ साधारण २ ते ३ टक्केच असते, कोबी आणि मुळा कच्चाच आंबवतात आणि खाताना शिजवायची गरज नसते. आधी ल्युकोनोस्टॉक वाढतात, आंबटपणा वाढला की लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणू पुढे येतात आणि ते जिवंतपणी ताटात पोहोचतात. थंडीपूर्वी सामुदायिक रीतीने किमची घालण्याच्या प्रथेला २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. त्याआधी २०१० मध्ये ग्वांग्जू येथे किमचीसाठी स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली होती. घरगुती पदार्थातला एकेक जिवाणू वेगळा काढून त्याची क्षमता तपासण्याचे काम तिथे संस्थात्मक पातळीवर चालते.

कल्पनेचा प्रवास

आंबण्यामागे सजीव असतात, हे लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये लॅक्टिक आम्लाच्या अभ्यासातून मांडले. जोसेफ लिस्टर यांनी १८७० च्या दशकात नासलेल्या दुधातून एकच जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तोच आजचा लॅक्टोकॉकस लॅक्टिस. १९०५ मध्ये स्टॅमेन ग्रिगोरोव या बल्गेरियन संशोधकाने जिनिव्हात आपल्या देशातल्या दह्यातून एक दंडाकार जिवाणू शोधला. पॅरिसमधील इल्या मेचनिकॉव्ह यांनी त्यावरून १९०७ मध्ये विचार मांडला की आतड्यातले कुजवणारे जंतू म्हातारपण लवकर आणतात आणि दह्यातले जिवाणू त्यांना रोखू शकतात. मेचनिकॉव्ह यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी, पण दह्याला वैद्यकीय प्रतिष्ठा त्यांच्या या विचारानेच दिली. पुढे त्यातली एक कमतरता दिसून आली. ज्या बल्गेरियन जिवाणूवर त्यांची भिस्त होती तो आतड्यात वस्ती करत नाही. जपानच्या मिनोरू शिरोटा यांनी १९३० मध्ये जठरातून तरून जाणारा प्रकार निवडून वाढवला आणि १९३५ मध्ये तो ‘याकुल्ट’ या पेयातून बाजारात आला.

प्रोबायोटिक कोणाला म्हणायचे

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांची २००१ मध्ये अर्जेंटिनातील कोर्डोबा येथे बैठक झाली. तिथे ठरलेली व्याख्या आजही थोड्या फरकाने चालते: पुरेशा संख्येने घेतल्यास घेणाऱ्याच्या आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. या वाक्यात तीन अटी आहेत. जिवाणू जिवंत हवेत, ते पुरेसे हवेत आणि लाभ सिद्ध झालेला हवा. घरच्या ताज्या दह्यात ग्रॅममागे कोट्यवधी जिवाणू असतात, म्हणजे पहिली अट ते पाळते आणि बहुधा दुसरीही. अडते ते तिसऱ्या अटीपाशी.

लाभ हा जातीचा नसतो, त्या जातीतल्या विशिष्ट वाणाचा असतो. शास्त्रज्ञ त्याला स्ट्रेन म्हणतात. इंद्रायणी आणि आंबेमोहर दोन्ही तांदूळच, तरी एकाचे गुण दुसऱ्याला लावता येत नाहीत, तसेच एका जातीच्या दोन स्ट्रेनांचे असते. त्यात नावांचा गोंधळ २०२० पासून आणखी वाढला आहे. जनुकांच्या तपासणीत लॅक्टोबॅसिलस या एकाच नावाखाली फार भिन्न जिवाणू कोंबलेले आढळल्याने त्याची २५ कुळांत विभागणी झाली. जुना लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम आता लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटेरम झाला, तर लॅक्टोबॅसिलस फर्मेंटम लिमोसिलॅक्टोबॅसिलस कुळात गेला. लेबलांवर दोन्ही नावे दिसतात, जिवाणू मात्र तेच असतात.

प्रयोगशाळेतील चाळण

दही किंवा आंबिलीतून असा स्ट्रेन शोधताना नमुना आधी पातळ करून एमआरएस या माध्यमावर पसरतात. डी मॅन, रोगोसा आणि शार्प यांनी १९६० मध्ये बनवलेले हे माध्यम या जिवाणूंना मानवते. त्यात कॅल्शियम कार्बोनेट मिसळले तर आम्ल सोडणाऱ्या वसाहतीभोवती पांढऱ्या थरात पारदर्शक कडे उमटते आणि निवड सोपी होते. ग्रॅम रंगछटेत जांभळे दिसणारे आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर बुडबुडे न देणारे जिवाणू पुढे जातात. त्यांची ओळख जनुकक्रमाने पक्की करतात.

मग खरी चाळण लागते. जठरात पीएच २ ते ३ इतका खाली असतो, म्हणून जिवाणू तेवढ्या आम्लात दोन-तीन तास ठेवून किती जगले ते मोजतात. त्यापुढे लहान आतड्यातले पित्त असते. त्यासाठी ०.३ टक्के पित्तक्षारांची चाचणी घेतात. आतड्याच्या पेशींना जिवाणू चिकटतो का, हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर पाहतात. ई. कोलाय किंवा साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना तो रोखतो का, तेही तपासतात. लॅक्टोकॉकस लॅक्टिसचे काही स्ट्रेन तयार करतात ते नायसिन हे द्रव्य अशाच रोखणाऱ्या द्रव्यांपैकी आहे आणि अन्न टिकवण्यासाठी ते जगभर वापरले जाते.

सुरक्षिततेची चाचणी तितकीच महत्त्वाची. जिवाणू रक्तपेशी फोडत नाही ना, आणि त्याची प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके दुसऱ्या जंतूंकडे सरकणारी नाहीत ना, हे बघावे लागते. आंबवलेल्या पदार्थांत सापडणाऱ्या एन्टेरोकॉकसच्या बाबतीत हा प्रश्न विशेष नाजूक आहे, कारण त्या कुळातले काही जंतू रुग्णालयात गंभीर संसर्ग घडवतात.

परीक्षानळीतले हे सगळे यश म्हणजे फक्त क्षमता. ‘या पदार्थातला जिवाणू प्रोबायोटिक क्षमतेचा आहे’ असे शोधनिबंधात लिहिलेले असते तेव्हा बहुतेक वेळा चाचण्या इथपर्यंतच झालेल्या असतात. खरा निकाल माणसांवरच्या नियंत्रित चाचणीत लागतो.

माणसांवर काय दिसले

भारतातले सर्वांत गाजलेले उदाहरण ओडिशातले आहे. तिथल्या खेड्यांतील ४,५५६ नवजात बालकांना लॅक्टोबॅसिलस प्लँटेरमचा एक निवडक स्ट्रेन आणि त्याला पोषक शर्करा किंवा नुसते निष्क्रिय द्रव्य आठवडाभर दिले गेले. जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण निष्क्रिय द्रव्य मिळालेल्या गटात ९ टक्के होते, तर जिवाणू मिळालेल्या गटात ५.४ टक्के. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते त्या स्ट्रेनचे, त्या मात्रेचे आणि त्या वयाचे यश आहे. नवजात बाळाला घरचे ताक चाटवण्याला त्यातून आधार मिळत नाही.

दह्याच्या बाबतीत पक्का पुरावा आहे तो लॅक्टोज पचण्याचा. अनेक भारतीय प्रौढांना दूध प्यायल्यावर पोट फुगते, कारण लॅक्टोज फोडणारे विकर वयाबरोबर कमी झालेले असते. दह्यातले जिवंत जिवाणू ते विकर स्वतःबरोबर आणतात आणि आतड्यात वाटेवर असतानाच लॅक्टोज फोडतात. त्यासाठी त्यांना तिथे मुक्काम करावा लागत नाही. प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या जुलाबांवर लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या स्ट्रेनचा उपयोग मुलांमध्ये दिसला आहे. इतर जुलाबांत मात्र पाणी आणि क्षार भरून काढणे, म्हणजे ओआरएस, हाच पहिला उपचार राहतो.

सर्वसाधारण आंबवलेल्या आहाराचा परिणाम अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये मांडला. ३६ निरोगी प्रौढांच्या छोट्या अभ्यासात दही, केफिर, किमची असे पदार्थ दहा आठवडे भरपूर खाणाऱ्या गटात आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढली आणि दाह दाखवणारी रक्तातली काही प्रथिने कमी झाली. अभ्यास लहान असला तरी दिशादर्शक आहे, कारण त्यात एखादा स्ट्रेन नव्हे तर रोजचे पदार्थच तपासले होते.

काही जणांनी सावध राहायला हवे. रोगप्रतिकारशक्ती फार खालावलेले रुग्ण आणि मुदतपूर्व जन्मलेली बाळे यांच्यात जिवंत जिवाणू क्वचित रक्तात शिरू शकतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मुदतपूर्व बाळांबाबत तसा इशारा दिला.

कायदा, लेबल आणि स्वयंपाकघर

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये अन्नातील प्रोबायोटिकच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार लेबलवर कूळ, जात आणि स्ट्रेन, मुदत संपेपर्यंत जिवंत राहणारी संख्या आणि साठवणीची पद्धत असायला हवी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांत प्रोबायोटिक अन्नासाठी दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणूंची अट आहे. पाकिटावर फक्त ‘प्रोबायोटिक’ एवढेच छापलेले असेल आणि स्ट्रेनचे नाव नसेल तर त्या दाव्याला फारसा अर्थ राहत नाही.

शीतकपाटाविना महिनोन्‌महिने टिकणारे खोक्यातले ताक विरजल्यानंतर पुन्हा तापवलेले असते, त्यामुळे त्यात जिवंत जिवाणू नसतात. तहान आणि चवीसाठी ते ठीक. याउलट घरच्या ताज्या ताकात जिवाणू असतात, पण ते कोणते हे माहीत नसते. कढी केली की तेही मरतात. दही थंड ठिकाणी ठेवून दोन-तीन दिवसांत संपवले तर जिवाणूंची संख्या चांगली राहते. फार आंबट झाले की आम्लामुळे ती घटू लागते. विरजण बुरसले किंवा त्याला गुलाबी छटा आली तर ते टाकून नवे आणावे.

कोल्हापूरच्या दही-आंबिलीतले स्ट्रेन प्रोबायोटिक ठरतील की नाही, हे त्यांना वेगळे काढून, ओळखून, जपून ठेवूनच सांगता येईल. त्यासाठी लागणारी साधने फार दूर नाहीत. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षण व संशोधन चालते, आणि जिवाणू कायम जतन करणारी राष्ट्रीय संग्रहालये पुण्यात आहेत: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र. घराघरांतले विरजण मात्र डेअरीचे दही सुलभ झाल्यापासून मोडत चालले आहे, आणि त्याबरोबर त्यातला मेळही नाहीसा होतो. स्ट्रेनांची अशी तपासणी होईपर्यंत दही, ताक आणि आंबील यांना जिवंत जिवाणू असलेले पौष्टिक अन्न म्हणणे योग्य आहे. विशिष्ट आजारावरचा उपाय म्हणून मात्र नाव, संख्या आणि चाचणी असलेला स्ट्रेनच, तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा.